सीमाभागातला वाचनगट : माणसे कशी जोडावीत आणि पुस्तकावर कसे बोलावे

जांबोटीच्या पुढच्या एखाद्या गावात राहणाऱ्या वाचकाला पुस्तक मिळवण्याची अडचण असतेच, पण त्याहून मोठी अडचण असते ती वाचून झाल्यावर कोणाशी बोलावे याची. पुस्तक बेळगावला गेलेल्या कोणाकडून तरी मागवता येते, कोल्हापूरहून टपालाने येते; पण शेवटचे पान मिटल्यावर मनात जे साचून राहते ते ऐकून घेणारा माणूस त्या गावात किंवा शेजारच्या दोन गावांत भेटेलच असे नाही. निपाणीतला एक, येळ्ळूरमधला एक आणि खानापुरातला एक असे तीन वाचक एकाच महिन्यात एकच कादंबरी वाचत असतात आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. फोनमुळे अशी माणसे एकत्र आणणे आता सोपे झाले आहे. ती एकत्र टिकावीत आणि त्यांनी पुस्तकाविषयी खरोखर बोलावे यासाठी काय करावे लागते, ते गेल्या सहा वर्षांच्या अनुभवावरून येथे सांगत आहे.

पुस्तकासाठी माणसे जमवणे आपल्या भागाला नवे नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ साली स्थापन झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० साली भरले, आणि त्यांपैकी १९४६ च्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी या गावांनी तर ग्रामस्थांच्या वर्गणीवर स्वतःची साहित्य संमेलने उभी केली. ग्रंथदिंडी निघते, मांडव भरतो, पुस्तकांच्या दुकानांपुढे गर्दी होते. मात्र हे सारे वर्षातून एक दिवस. त्या मांडवातून विकत घेतलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले, ते वाचले गेले का, पटले का, हे विचारणारे उरलेल्या दिवसांत कोणी नसते. वाचनगट उभा करायचा तो या उरलेल्या दिवसांसाठी.

माणसे किती आणि कोणती

पहिल्या प्रयत्नात माझ्याकडून जी चूक झाली ती आधी सांगतो, कारण बहुतेक गट त्याच चुकीने मोडतात. एका गावच्या संमेलनात एक कागद फिरवून इच्छुकांचे फोन क्रमांक घेतले आणि व्हॉट्सॲपवर एकाच रात्री १६० जणांचा गट तयार केला. पहिले चार दिवस सर्वांनी आपापली ओळख करून दिली. दुसऱ्या आठवड्यात सुप्रभातची फुले आली, मग वाढदिवस, मग निधनवार्ता, मग कोणाच्या तरी भाच्याच्या दुकानाची जाहिरात. तीन महिन्यांत पुस्तकाविषयीचा मजकूर शोधूनही सापडेना, आणि ज्यांना खरोखर वाचायचे होते ती माणसे न सांगता बाहेर पडली. त्यात दोष माणसांचा नव्हता. एवढ्या मोठ्या मांडवात कोणी कोणाकडे पाहून बोलत नसते, म्हणून कोणी मनातले बोलत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही बारा जणांनी सुरुवात केली आणि आज अठरा आहोत. बारा ते वीस ही संख्या योग्य आहे असे आता मी ठामपणे म्हणतो. त्याहून कमी असतील तर सुगीच्या दिवसांत गट मुका होतो, आणि अधिक असतील तर कोणी काय वाचले हे लक्षात राहत नाही. प्रत्येकाला आधी स्वतः फोन करावा किंवा भेटावे आणि एकच प्रश्न विचारावा : अलीकडे वाचलेल्या पुस्तकातले काय लक्षात राहिले? ज्याला या प्रश्नावर दोन मिनिटे बोलता येते तो गटात हवा, मग त्याचे शिक्षण सातवीपर्यंतचे असो की तो महाविद्यालयात शिकवणारा असो. आमच्या गटात भाताची शेती करणारे एक अण्णा आहेत, शिवणकाम करणाऱ्या एक आक्का आहेत, निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई आहेत आणि औषधाच्या दुकानात काम करणारा एक तरुण आहे. पुस्तकावर सर्वांत नेमके बोलणारे अण्णा आहेत.

आपल्या भागात आणखी एका प्रकारच्या वाचकाचा विचार करावा लागतो. घरात मराठी बोलणारी, पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले आता पंचविशी-तिशीत आली आहेत. त्यांना मराठी उत्तम समजते, देवनागरी अक्षरही ओळखता येते, पण तीनशे पानांची कादंबरी वाचताना त्यांचा वेग पडतो आणि त्याची त्यांना लाज वाटते. त्यांना गटाबाहेर ठेवू नये. त्यांच्या वाट्याला पुस्तकातील एक कथा किंवा एक प्रकरण द्यावे आणि त्यावर बोलून पाठवण्यास सांगावे. लिहायला लावू नये. बोलण्याची भीड मोडली की वाचनाचा वेग आपोआप वाढतो, हे मी तीन मुलांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले आहे.

फोनवरील व्यवस्थेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गटाच्या वर्णनात सध्या चाललेल्या पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि बोलण्याची तारीख लिहावी आणि ती दर महिन्याला बदलावी. शुभेच्छा व बातम्या येथे पाठवू नयेत हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. कोणी मोडला तर सर्वांसमोर न बोलता त्या व्यक्तीला वेगळा फोन करावा. ज्यांना मराठी टंकलेखन जमत नाही त्यांना फोनवर बोलून अक्षरे उमटवण्याची सोय दाखवावी. प्रमुख म्हणून दोघे असावेत, म्हणजे एक आजारी पडला तरी गट चालतो.

पुस्तक कसे निवडावे आणि कसे फिरवावे

महिन्याला एक पुस्तक ही पुण्या-मुंबईच्या गटांची चाल आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. जुलैत खानापूर भागात भाताची रोप लावण असते, दिवाळीच्या पुढेमागे सुगी असते, निपाणी-चिकोडीकडे उसाच्या तोडणीचे दिवस असतात, आणि पावसाळ्यात कणकुंबीकडच्या गावांत वीज गेली की फोन दोन-दोन दिवस बंद राहतात. म्हणून वर्षाला आठ पुस्तके ठरवावीत. लावणीच्या आणि सुगीच्या महिन्यांत पाच-सहा कविता किंवा एखादी कथा घ्यावी, आणि जाड कादंबरी उन्हाळ्यासाठी राखून ठेवावी. निवड मतदानाने करू नये. मतदानात नेहमी सर्वांना ऐकून माहीत असलेलेच नाव वर येते. पाळीपाळीने प्रत्येक सदस्याने एक पुस्तक सुचवावे आणि बाकीच्यांनी ते वाचावे. जे पुस्तक आपण स्वतः कधी उचलले नसते ते या पद्धतीने हातात येते.

अठरा जणांनी अठरा प्रती विकत घ्याव्यात अशी अपेक्षा ठेवली तर गट श्रीमंतांचा होतो. आम्ही वर्गणीतून चार प्रती घेतो, शिवाय ग्रंथालयात असेल ती एक प्रत सदस्य आपल्या नावावर काढतो, आणि प्रत्येक प्रत चौघांत फिरते. एकाने दहा दिवसांत वाचून पुढच्याला द्यायची. शेजारच्या गावात असेल तर हातोहात, बेळगावला येणार असेल तर ओळखीच्या एखाद्या दुकानात ठेवून, आणि दूर असेल तर टपालाने. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची स्वस्त सेवा सुरू केली आहे. ती सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा तिचा दर होता. पाठवताना टपाल कार्यालयात चालू दर विचारून घ्यावा.

फिरणाऱ्या प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानाला आम्ही पोस्टकार्डाएवढा जाड कागद चिकटवतो. त्यावर वाचणाऱ्याने आपले नाव, पुस्तक हाती आल्याची आणि पुढे दिल्याची तारीख, आणि आपण जेथे थांबलो त्या एका पानाचा क्रमांक लिहायचा. मत लिहायचे नाही, फक्त क्रमांक. तिसऱ्या वाचकाच्या हाती पुस्तक पडते तेव्हा तो आधीच्या दोघांची पाने उघडून पाहतो आणि येथे त्यांना काय दिसले असेल याचा विचार करतो. संभाषण तेथूनच, एक शब्द न बोलता, सुरू झालेले असते.

गटावर पुस्तकांच्या पीडीएफ येऊ लागल्या की त्या त्याच दिवशी थांबवाव्यात. मराठी लेखकाला आणि प्रकाशकाला जे थोडे मिळते तेही त्यामुळे बुडते, आणि कायद्यानेही तो गुन्हा ठरू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी १९१९ साली वारले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचे लेखन आता मुक्त आहे आणि ते निःसंकोच वाटावे. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क निराळा मोजला जातो हे मात्र लक्षात ठेवावे.

मत कसे द्यावे

आता मुख्य गोष्ट. गट जमला, पुस्तक फिरले, आणि बोलण्याच्या दिवशी सर्वांनी ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘प्रत्येकाने वाचायलाच हवे’ असे लिहिले, तर एवढी सारी धडपड वाया गेली असे समजावे. हे शब्द खोटे नसतात. लिहिणाऱ्याला खरोखर आवडलेले असते, पण काय आवडले ते त्याने अजून स्वतःलाच विचारलेले नसते. दुसरी सवय कथानक सांगण्याची. आपण पुस्तक वाचले हे सिद्ध करण्यासाठी माणसे सुरुवातीपासून शेवटपर्यंतची गोष्ट लिहून काढतात. तिसरी सवय पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा मजकूर शब्द बदलून उतरवण्याची. या तिन्ही सवयींवर आमच्या गटात एकच उपाय चालला : मत देणाऱ्याने पानावर बोट ठेवायचे.

म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ आम्ही वाचायला घेतले होते. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या लंपन नावाच्या मुलाच्या या कथा आपल्याच मुलखातल्या आहेत, आणि त्यातल्या माणसांच्या बोलण्यात कन्नड सहज मिसळलेली आहे. आक्कांनी पहिल्या दिवशी लिहिले, “फार सुंदर पुस्तक. लहानपण आठवले.” मी त्यांना फोन करून तीन प्रश्न विचारले. तुम्ही कोणत्या पानावर थांबलात? तेथे काय चालले होते? आणि त्याच ठिकाणी का थांबलात? पहिल्या प्रश्नाला त्यांनी लगेच उत्तर दिले, दुसऱ्यालाही दिले, तिसऱ्याला मात्र त्या म्हणाल्या, “ते काय सांगता येत नाही बघा. उद्या बोलते.”

दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचा चार मिनिटांचा आवाज गटावर आला. मागे शिवणयंत्राची घरघर होती, ती मध्येच थांबली. त्या सांगत होत्या की पुण्याहून आलेल्या त्यांच्या सुनेने तेच पान वाचताना दोन शब्दांचे अर्थ विचारले, आणि आपण तर ते शब्द न अडखळता वाचून पुढे गेलो होतो हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आले. चौथीत असताना निबंधात त्यांनी सदऱ्याची ‘गुंडी’ तुटली असे लिहिले होते; शिक्षकांनी तो शब्द लाल शाईने खोडून वर ‘बटण’ लिहिले. आपल्या घरात बोलतो ती भाषा पुस्तकात लिहिण्याची नसते असे त्यांनी त्या दिवशी ठरवून टाकले होते, आणि आज साठीत, छापलेल्या पुस्तकात, ती भाषा कोणी न खोडता जशीच्या तशी ठेवलेली त्यांनी पाहिली. “म्हणून थांबले मी तिथं,” एवढे बोलून आवाज संपला. त्या रात्री गटावर अकरा जण बोलले, आणि प्रत्येकाकडे खोडलेला एखादा शब्द होता.

पुस्तकावरचे मत असे असावे. त्यात पुस्तक असते, वाचणारा असतो, आणि दोघांची गाठ जेथे पडली ती जागा असते. नवीन सदस्याला यासाठी हेच तीन प्रश्न द्यावेत आणि पाच-सहा वाक्यांत किंवा चार मिनिटांच्या आवाजात उत्तर मागावे. न आवडलेल्या पुस्तकालाही हीच कसोटी लावावी. ‘कंटाळवाणे आहे’ असे कोणी म्हटले तर कंटाळा कोणत्या पानापासून आला ते विचारावे. पुष्कळदा तीन जणांचा कंटाळा त्याच एका प्रकरणात सुरू झालेला आढळतो, आणि मग लेखकाने तेथे काय केले, निवेदन बदलले का, माणसे मागे पडून विचार पुढे आले का, याची चर्चा होते. टीका करण्यास भिणारे लोकही पानाच्या आधाराने मोकळेपणी बोलतात, कारण बोलणे लेखकावर न जाता मजकुरावर राहते.

येथे दोन बारीक गोष्टी पाळाव्यात. आवृत्तीनुसार पानांचे क्रमांक बदलतात, त्यामुळे क्रमांकाबरोबर कथेचे किंवा प्रकरणाचे नाव द्यावे. आणि संदेशाच्या पहिल्या ओळीत आपण कोठवर वाचले ते लिहावे, म्हणजे मागे असलेल्या वाचकाला पुढचे वाचायचे की थांबायचे हे ठरवता येते. शेवट आधीच कळल्यामुळे पुस्तक अर्ध्यावर सोडलेल्या माणसाचा हिरमोड मी पाहिला आहे.

मतभेद, आणि दुसरी भाषा

मतभेद व्हावेत. ते होत नसतील तर माणसे एकमेकांना सांभाळून घेत आहेत असे समजावे. वाद वाढला तर लिहिणे थांबवून दोघांना फोनवर बोलण्यास सांगावे, कारण लिहिलेल्या वाक्याला आवाज नसतो आणि साधा प्रश्नही उलट उत्तरासारखा वाचला जातो. वयाचा मान आपल्याकडे मोठा आहे; बाईंनी मत दिले की तरुण मुले गप्प बसतात. त्यावर आम्ही असे ठरवले की सर्वांत लहान सदस्याने आधी बोलायचे आणि सर्वांत मोठ्याने शेवटी. बाईंनीच ही सूचना केली होती.

सीमाप्रश्न आपल्या घराघरांतला विषय आहे आणि कोणत्याही पुस्तकातून तो निघू शकतो. काही गटांत त्यावर बोलण्यास बंदी असते. मला ती पटत नाही, कारण ज्या दुःखात माणूस वाढला ते बाजूला ठेवून त्याने वाचावे असे सांगणे अन्यायाचे आहे. आम्ही एवढाच नियम ठेवला की बोलणे हातातल्या पुस्तकाच्या पानावरून निघावे आणि त्याच पानावर परत यावे. बातम्या आणि पुढाऱ्यांची भाषणे पुढे पाठवायची नाहीत. या नियमाने गेल्या सहा वर्षांत गट एकदाही फुटला नाही.

वर्षातले एक पुस्तक कन्नडमधून मराठीत आलेले घ्यावे असा माझा आग्रह असतो. मराठीवर प्रेम करण्यासाठी शेजारची भाषा परकी मानावी लागत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती आणि कन्नड कवितेसाठी त्यांना १९७३ सालचे ज्ञानपीठ मिळाले. एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांचा जन्म बेळगावचा. अशा पुस्तकाच्या महिन्यात कन्नड माध्यमात शिकलेली आमची मुले पुढे येतात. ती मूळ पुस्तक ग्रंथालयातून आणतात, एक परिच्छेद कन्नडमधून वाचून पाठवतात, आणि अनुवादात काय बदलले ते सांगतात. एरवी मागे बसणारी मुले त्या दिवशी सर्वांना शिकवतात.

प्रत्यक्ष भेट

फोनवर जोडलेली माणसे वर्षातून दोनदा तरी एकत्र बसली पाहिजेत. आम्ही एकदा जानेवारीत एखाद्या गावच्या संमेलनाला जमतो आणि एकदा उन्हाळ्यात कोणाच्या तरी घरी. घरच्या बैठकीला पाहुणा वक्ता बोलावू नये, हार-तुरे नकोत, प्रास्ताविक नको. सतरंजी, चहा आणि पुस्तके पुरतात. सुरुवात मोठ्याने वाचण्याने करावी. बेळगावात आयुष्याचा मोठा काळ घालवलेल्या इंदिरा संत यांची एकच कविता आम्ही एका बैठकीत तीन वेळा, तीन वेगळ्या आवाजांत वाचून घेतली आणि मगच बोललो. तिसऱ्या वाचनाला अण्णांनी एका ओळीपाशी क्षणभर थांबा घेतला, आणि त्या थांब्याने कवितेचा अर्थ बदलला की नाही यावर दीड तास गेला.

गटाची एक वही असावी. प्रत्येक पुस्तकानंतर पाळीने एका सदस्याने हाताने अर्धे पान लिहावे : कोण काय म्हणाले, कोठे मतभेद झाला, कोणता प्रश्न सुटला नाही. फोन बदलला की जुने संदेश जातात, वही राहते. फिरून आलेल्या प्रती शेवटी गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला द्याव्यात. देताना मागचे कार्ड काढू नये. ते भरले असेल तर त्याच्याखाली दुसरे कोरे कार्ड चिकटवून द्यावे, आणि पुढच्या वाचकाने त्यावर काय लिहायचे ते वरच्या बाजूला पेन्सिलीने एका ओळीत लिहून ठेवावे.